शंभर वर्षांचा पाऊस

मराठी भाषेने संकटांची विभागणी फार पूर्वी करून ठेवली आहे. आभाळातून कोसळते ते अस्मानी आणि राज्यकर्त्याच्या हातून येते ते सुलतानी. शेतकऱ्याच्या तोंडी हे दोन शब्द जोडीनेच येतात. परंतु त्यांतील भेद महत्त्वाचा आहे. अस्मानी संकटापुढे मनुष्य हात जोडतो. सुलतानी संकटाबद्दल तो जाब विचारू शकतो, निदान तसा आपला अधिकार आहे असे मानतो. पावसात डोंगर खाली आला आणि त्याखाली गाव गाडले गेले, तर ते संकट कोणत्या खात्यात मांडायचे?

३० जुलै २०१४ रोजी सकाळी पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर आला. सुमारे दीडशे माणसे गेली. रोजच्या फेरीला आलेल्या एस.टी.च्या चालकाला गावच दिसेना, तेव्हा ती वार्ता बाहेरच्या जगाला कळली. २२ जुलै २०२१ रोजी रायगड जिल्ह्याच्या महाड तालुक्यातील तळिये गावात ऐंशीहून अधिक माणसे दगावली. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इरशाळवाडी ही ठाकर आदिवासींची वस्ती ढिगाऱ्याखाली गेली; २७ मृतदेह मिळाले आणि ५७ बेपत्ता माणसांचा शोध अखेर थांबवावा लागला. तिन्ही वेळा वृत्तपत्रांनी लिहिले की अतिवृष्टीमुळे दरड कोसळली. हे वाक्य खोटे नाही. परंतु मृत्यूच्या दाखल्यावर ‘हृदयक्रिया बंद पडल्याने’ असे लिहावे, तेवढेच ते खरे आहे. हृदयक्रिया प्रत्येकाचीच बंद पडते. ती का बंद पडली आणि ते आधी कळण्यासारखे होते का, हे त्या दाखल्यावर नसते.

डोंगरउताराच्या बाबतीत ते आधी कळावे म्हणून अभियंते गणित मांडतात. त्या गणितात दोन आकडे असे आहेत की त्यांच्याविषयी या त्रैमासिकाच्या वाचकांनी विचार करावा असे मला वाटते. पहिला आकडा, जास्तीत जास्त किती पाऊस पडेल, हा; आणि दुसरा, त्यातले किती पाणी जमिनीत मुरेल, हा. आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी मुले-मुली आज स्थापत्य अभियंते आहेत. त्यांना या लेखात नवे काही सापडणार नाही. पण त्यांच्या आईवडिलांना, आपली मुले कचेरीत बसून नेमके काय ठरवतात, हे ठाऊक असलेले बरे.

प्रथम डोंगर उभा का राहतो ते पाहू. सह्याद्रीचा कातळ काळा आणि भक्कम आहे; पण त्याच्या अंगावर शतकानुशतके झिजून तयार झालेला मुरूम आणि लाल मातीचा थर आहे. हा थर घसरू पाहतो. त्याचे स्वतःचे वजनच त्याला खाली ओढत असते. त्याला धरून ठेवतात ते कणाकणांतील घर्षण, थोडासा चिकटपणा, झाडांची मुळे आणि ओलाव्याचे एक विलक्षण बळ. समुद्रकिनारी मुले वाळूचा किल्ला करतात तेव्हा ते हे बळ वापरतात. कोरड्या वाळूचा किल्ला होत नाही, पाण्याने थबथबलेल्या वाळूचाही होत नाही. किंचित ओल्या वाळूचाच होतो. कणांमधल्या त्या थोड्याशा पाण्याने वाळू आतून ओढून धरलेली असते. मे महिन्यात डोंगराची माती अशीच आतून आवळलेली असते.

मग मृग लागतो. पाणी वरून खाली मुरत जाते आणि ओलाव्याची सीमा दर पावसागणिक थोडी थोडी खोल उतरते. माती पूर्ण भिजली की ते आवळून धरणारे बळ नाहीसे होते. पाणी कातळाला टेकले की पुढे वाट नसते. ते तिथेच साचते आणि मातीच्या कणांना खालून उचलू लागते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कार्ल टेर्झागी या ऑस्ट्रियन अभियंत्याने या घटनेला शास्त्राचे रूप दिले. मातीची ताकद तिच्या एकूण वजनावर ठरत नाही; त्या वजनातून छिद्रांतील पाण्याचा दाब वजा केल्यावर कणांवर जो भार उरतो, त्यावर ठरते, असे त्याने दाखवले. हिशेब करून पाहावा. सुमारे ३५ अंशांच्या उतारावर सुटी माती कोरडी असताना जेमतेम उभी राहते. तीच माती पाण्याने भरली आणि पाणी उताराच्या दिशेने आतून वाहू लागले, की तिला वीस अंशांचा उतारही पेलत नाही. माती तीच, डोंगर तोच. फक्त आत पाणी आहे. आता तिन्ही घटना जुलैच्या उत्तरार्धातल्या का, हे लक्षात येईल. जूनच्या पहिल्या सरीत डोंगर सहसा येत नाही. दीड महिना पिऊन झाल्यावर, शेवटच्या तीन दिवसांच्या पावसात तो येतो.

म्हणून ‘एका दिवसात किती मिलिमीटर’ हा एकच आकडा पुरत नाही. समजा मातीला ताशी १० मिलिमीटर पाणी पिता येते. तीन तासांत ३०० मिलिमीटरचा धो-धो पाऊस झाला तर तिच्यात ३० मिलिमीटर जाईल आणि बाकीचे ओढ्याने वाहून जाईल. पण ताशी १० मिलिमीटरचा संथ पाऊस चार दिवस चालला, तर तो जवळजवळ सगळा आत जाईल. लोक ज्याला ‘चांगला लागून राहिलेला पाऊस’ म्हणतात, तो डोंगराला ढगफुटीपेक्षा घातक ठरू शकतो. इरशाळवाडीच्या परिसरात दुर्घटनेपूर्वीच्या तीन दिवसांत ४९९ मिलिमीटर पाऊस झाल्याचे विधानसभेत सांगण्यात आले. मातीत पाण्याने भरण्याजोगी रिकामी जागा एक पंचमांश आहे असे धरले आणि हे सारे पाणी आत गेले असे मानले, तर अडीच मीटर खोलीची माती तेवढ्याने तुडुंब होते. सगळे पाणी आत जात नाही हे खरे. मग किती जाते?

या प्रश्नाचे उत्तर देणारे एक सूत्र मेलबर्न विद्यापीठातील ग्रीन आणि अ‍ॅम्प्ट या दोघांनी १९११ साली मांडले आणि आजही ते वापरात आहे. सूत्र नेटके आहे. अडचण सूत्रात घालण्याच्या आकड्यात आहे. माती पाणी किती वेगाने पिते, हे एकाच उतारावर दहा ठिकाणी खणून पाहिले तर दहा उत्तरे येतात आणि त्यांत दहापट, कधी शंभरपटही फरक असतो. इथे खेकड्याचे बीळ आहे, तिथे कुजलेल्या मुळाची पोकळी आहे, पलीकडे उन्हाळ्यात पडलेली भेग आहे. प्रयोगशाळेत नेलेल्या मातीच्या गोळ्याला यांपैकी काही ठाऊक नसते. गणकयंत्र मात्र उत्तर दशांश चिन्हानंतर दोन स्थळांपर्यंत देते. सुरक्षितता गुणांक १.३२, असे छापून येते. एकाहून कमी आला तर डोंगर येईल, अधिक आला तर राहील, १.३२ म्हणजे राहील. त्या दोन दशांश स्थळांना फसणारी माणसे अडाणी नसतात.

आता पावसाकडे वळू. आजवर पडला त्याहून मोठा पाऊस किती पडेल, हे सांगण्यासाठी दरवर्षीचा सर्वांत मोठा पाऊस घेऊन त्यावर संख्याशास्त्राचा एक नियम बसवतात. या नियमाला एमिल ज्युलियस गुम्बेल या जर्मन गणितज्ञाचे नाव आहे. या गुम्बेलची हकिगत अभियांत्रिकीच्या पुस्तकात सहसा नसते, म्हणून येथे देतो. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत राजकीय खुनांचे सत्र सुरू झाले, तेव्हा याने ते खून मोजले. कोणत्या पक्षाच्या लोकांनी किती मारले आणि किती शिक्षा झाली, याचे तक्ते त्याने १९२२ साली पुस्तकरूपाने छापले. त्यात असे दिसले की उजव्या गटांनी केलेले बहुतेक खून शिक्षेवाचून राहिले होते. त्याबद्दल त्याचा छळ झाला. १९३२ साली हायडलबर्ग विद्यापीठातील त्याची जागा गेली, पुढे नात्सी राजवटीने त्याचे नागरिकत्व काढून घेतले. फ्रान्समार्गे तो अमेरिकेत गेला आणि १९५८ साली त्याने टोकाच्या घटनांच्या संख्याशास्त्रावरचा आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. ज्या माणसाने प्रथम इतरांना नकोशी असलेली प्रेते मोजली, त्याच्याच सूत्राने आपण आज दुर्मिळ पाऊस मोजतो.

या सूत्रातून ‘शंभर वर्षांचा पाऊस’ बाहेर पडतो. या शब्दांनी फार घोटाळा केला आहे. ऐकणाऱ्याला वाटते की असा पाऊस एकदा झाला की आता शंभर वर्षे निश्चिंती. खरा अर्थ असा की कोणत्याही एका वर्षी तो येण्याची शक्यता शंभरात एक. तो यंदा आला तरी पुढच्या वर्षीची शक्यता शंभरात एकच राहते. पन्नास वर्षे टिकावे म्हणून बांधलेल्या घराच्या हयातीत तो एकदा तरी येण्याची शक्यता शंभरात जवळजवळ चाळीस आहे. आणि जिल्ह्यात डोंगराखाली अशी शंभर गावे असतील, तर सरासरीने दरवर्षी त्यांपैकी एकावर तो येणार. गावाला जे दुर्मिळ वाटते, ते जिल्हाधिकाऱ्याच्या टेबलावर नेहमीचे असते. दोघांचा आकडा एकच आणि दोघेही खरे बोलत असतात.

शिवाय शंभर वर्षांचा पाऊस सांगायला बहुधा शंभर वर्षांच्या नोंदी नसतात. तीस-चाळीस वर्षांच्या असतात. त्याही त्या डोंगरावरच्या नसून तालुक्याच्या ठिकाणच्या असतात. २६ जुलै २००५ चा दिवस मुंबई-वसईकडच्या कोणत्याही कुटुंबाला विसरता येणार नाही. त्या दिवसाच्या चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तर त्याच शहरातल्या कुलाब्यात जेमतेम ७३. सपाट शहरात जर एवढा फरक, तर घाटाच्या चढावर दोन दऱ्यांमध्ये काय असेल? महाराष्ट्रात आता महसूल मंडळनिहाय स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली आहेत. त्यांची संख्या दोन हजारांहून अधिक आहे आणि ही मोठीच प्रगती आहे. तरीही मंडळाचे केंद्र खाली बाजारपेठेजवळ आणि वाडी वर कड्याखाली, हे अंतर उरतेच.

आणखी एक गोष्ट. हे सारे गणित असे गृहीत धरते की उद्याचे आभाळ कालच्यासारखेच वागेल. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवून दिले की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात, मोठ्या क्षेत्रावर एकाच वेळी होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. २०२१ च्या जुलैमध्ये, तळिये गेले त्याच सुमारास, महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. पावसाची सवय असलेल्या त्या गावाच्याही नोंदीत एवढा पाऊस नव्हता. जुना साक्षीदार प्रामाणिक आहे, पण त्याने पाहिलेला काळ संपला आहे.

तर असे आहे. पावसाचा आकडा काही प्रमाणात मोजलेला असतो, काही प्रमाणात अनुमानलेला असतो, आणि उरलेला कोणीतरी ठरवलेला असतो. पन्नास वर्षांचा पाऊस धरायचा की दोनशे वर्षांचा? माती ताशी ५ मिलिमीटर पिते म्हणायचे की ५०? कोणता आकडा घेतला म्हणजे भिंत स्वस्त होते, रस्ता लवकर होतो, वसाहतीला परवानगी मिळते, हे ठरवणाऱ्याला ठाऊक असते. हा निर्णय विज्ञानाच्या भाषेत लिहिला जातो, परंतु त्याचे स्वरूप नैतिक आहे. कारण तो दुसऱ्याच्या जिवाविषयी आहे आणि ती माणसे त्या खोलीत बसलेली नसतात.

शंका असताना माणसाने कसे वागावे, हा प्रश्न ख्रिस्तसभेच्या नीतिचिंतकांनी तीनशे वर्षे चघळला. सेमिनरीत आम्हांला नैतिक ईशज्ञानाच्या वर्गात तो वाद शिकवीत, तेव्हा तो धूळ खात पडलेल्या ग्रंथांचा विषय वाटे. आज वाटत नाही. १५७७ साली बार्थोलोम्यू द मेदिना या डोमिनिकन पंडिताने असे मांडले की एखाद्या मताला भक्कम आधार असेल तर ते आचरणात आणता येते, मग विरुद्ध मताला त्याहून अधिक आधार असला तरी हरकत नाही. यातून पुढे सैल वृत्तीचे पंडित निघाले. हवे ते करायला कोणाचे ना कोणाचे मत त्यांना मिळेच. पास्कालने १६५६-५७ मध्ये आपल्या पत्रांतून त्यांची यथेच्छ टर उडवली. १६७९ साली पोप अकरावे इनोसंट यांनी या सैलपणाच्या अनेक विधानांचा निषेध केला. दुसऱ्या टोकाला काही कर्मठ म्हणू लागले की जराही शंका असेल तर नेहमी सर्वांत सुरक्षित तेच केले पाहिजे, विरुद्ध मत कितीही संभाव्य असो. १६९० साली पोप आठवे अलेक्झांडर यांनी तेही नाकारले. संत आल्फॉन्सस लिग्वोरी यांनी अठराव्या शतकात मधली वाट काढली. ते मूळचे वकील होते, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

या साऱ्या वादात एका बाबतीत मात्र कोणाचे दुमत नव्हते. जुन्या ग्रंथांत शिकाऱ्याचे उदाहरण येते. झुडूप हलते आहे. आत सावज आहे की माणूस, हे शिकाऱ्याला नक्की माहीत नाही. बहुधा सावजच असावे. त्याने गोळी झाडावी का? नाही. नियमाच्या अर्थाविषयी शंका असेल तर अधिक मोकळीक घेता येते. पण शंका वस्तुस्थितीविषयी असेल आणि चुकीची किंमत दुसऱ्याच्या प्राणाने मोजली जाणार असेल, तर ‘बहुधा’ हा शब्द पुरत नाही. सुरक्षित बाजूच धरली पाहिजे.

डोंगराखालची वाडी म्हणजे हलणारे झुडूप आहे, असे म्हणून मी येथे थांबू शकलो असतो. पण ते अप्रामाणिकपणाचे होईल. शिकाऱ्याने गोळी झाडली नाही तर त्याचे एक जेवण हुकते. किंमत त्याची तो देतो. अभियंत्याने सावध आकडा धरला, साऱ्या उतारावर लाल रेघ मारली आणि वाडी हलवा म्हणून लिहिले, तर किंमत वाडी देते. खाली जमीन कोणाची आहे? जी सपाट जमीन मिळाली असती तर वाडी मुळात कड्याखाली गेलीच नसती. जुलैचा उत्तरार्ध हा भातलावणीचा काळ. ज्या दिवसांत डोंगर सर्वांत जास्त प्यालेला असतो, त्याच दिवसांत रोप उपटून खाचरात लावावे लागते. त्या आठवड्यात घर सोडून शाळेच्या खोलीत जाऊन बसणे म्हणजे वर्षाचे धान्य सोडणे. गुरे कुठे बांधायची? तीनदा बोलावले, तिन्ही वेळा डोंगर आला नाही, तर चौथ्या वेळी कोण जाईल? सर्वांत सुरक्षित तेच नेहमी करा, हा कर्मठांचा नियम कोकणाला लावला तर घाटमाथ्यापासून खाडीपर्यंत निम्मी गावे रिकामी करावी लागतील. १६९० साली तो नियम नाकारणाऱ्यांना मानवी जीवनाचे भान होते.

तेव्हा दोन्ही टोके गेली. मग राहते काय? मला वाटते की जो सावधपणाचा आकडा धरतो, त्यानेच त्या सावधपणाच्या खर्चाची व्यवस्था लावली पाहिजे. एवढे केले नाही तर सावधपणासुद्धा अन्याय होतो. पावसाळ्याच्या तोंडावर तलाठ्याने दारात आणून दिलेली नोटीस पाहा. आपले घर दरडप्रवण क्षेत्रात असून आपण सुरक्षित स्थळी स्थलांतर करावे, अन्यथा होणाऱ्या हानीस आपण जबाबदार राहाल. सुरक्षित स्थळ कोणते, हे त्यात नसते. अशा कागदाने जीव वाचत नाही. फक्त जबाबदारी एका खिशातून दुसऱ्या खिशात जाते. तो लिहिणारा कारकून दुष्ट नसतो. परंतु पापनिवेदनाला बसणाऱ्या माणसाला हा प्रकार ओळखीचा वाटतो: मी सांगितले होते, आता माझे काय?

हा खर्च वाटून घेता येतो, याचे उदाहरण आपल्याच प्रदेशात आहे. २२ जून २००३ रोजी वैभववाडीजवळ कोकण रेल्वेच्या मार्गावर दरड आली आणि गाडी घसरून पन्नासहून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. पुढच्याच वर्षी, १६ जून २००४ रोजी, करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्सप्रेसला तसाच अपघात झाला. त्यानंतर कटाईचे उतार सौम्य केले गेले, जाळ्या लावल्या, मार्गावर पर्जन्यमापक बसवले. पावसाळ्यात गस्त असते आणि जोराचा पाऊस असेल तर गाडी ताशी ४० किलोमीटरने हाकायची असा दंडक आहे. पावसाळ्याचे वेळापत्रकच वेगळे असते. मडगावला जाणारा प्रवासी उशिराबद्दल कुरकुरतो. पण तो उशीर म्हणजे, पावसाचा आकडा आपल्याला नीटसा कळत नाही या कबुलीचे मोल आहे आणि ते सगळे प्रवासी थोडे थोडे देतात. एकट्या वैभववाडीवाल्यांनी द्यावे लागत नाही.

दुसरे उदाहरण दूरचे आहे. १८ जून १९७२ या एकाच दिवशी हाँगकाँगमध्ये दोन ठिकाणी उतार कोसळून १३८ माणसे मेली. १९७६ साली त्यांतल्याच एका परिसरात, साऊ माऊ पिंग येथे, आणखी १८ गेली. १९७७ साली तेथील शासनाने उतारांवर देखरेख ठेवणारी स्वतंत्र कचेरी स्थापन केली आणि पावसाच्या मोजणीवरून दरडीचा इशारा देण्याची पद्धत सुरू केली. आज तेथे सुमारे साठ हजार मानवनिर्मित उतारांची नोंदवही आहे. प्रत्येक उताराला क्रमांक आहे आणि त्याची निगा कोणी राखायची, हेही नोंदलेले आहे. कित्येक उतारांवर तशी पाटीच लावलेली दिसते. तिथल्या लोकांना पाऊस आपल्यापेक्षा अधिक कळतो असे नाही. पण उताराला धनी आहे.

इरशाळवाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असे दुर्घटनेनंतर सांगण्यात आले. ते ऐकून मला नीतिशास्त्रातील अज्ञानाचे प्रकार आठवले. एक अज्ञान असे की कितीही प्रयत्न केला तरी ते दूर होण्यासारखे नसते. त्याला दोष नाही. दुसरे असे की थोडे कष्ट घेतले असते तर दूर झाले असते. त्याला दोष आहे, कमी-अधिक. आणि तिसरे असे की माणूस ते मुद्दाम जपतो, कारण कळले तर काही करावे लागेल. ते सर्वांत वाईट, अशी थोर चिंतकांची शिकवण आहे. यादीत नाव नसणे हे यांपैकी कोणते, हे मी ठरवू शकत नाही. त्या डोंगरावर कोण गेले होते आणि त्याने काय पाहिले होते, यावर ते अवलंबून आहे. पण वाडीच्या डोक्यावर उभा कडा आहे हे पाहायला गणकयंत्र लागत नाही, आणि पर्जन्यमापक हे काही महागडे यंत्र नव्हे. तो बसवला की त्याची नोंद येते, नोंद आली की ती वाचावी लागते, वाचली की रात्री अकरा वाजता कोणाला तरी उठून वाडीवर निरोप धाडावा लागतो.

देवाची करणी, हा शब्द अशा वेळी फार लवकर ओठांवर येतो. धर्मगुरू म्हणून मला तो टोचतो. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली, तो प्रसंग लूकच्या शुभवर्तमानात आहे. मेलेली माणसे इतरांहून अधिक पापी होती, हा लोकांच्या मनातला समज प्रभू येशूने तिथे साफ खोडून काढला. तो बुरूज कोणी बांधला होता आणि पाया किती खोल घेतला होता, हे मात्र लूकने नोंदलेले नाही. वैद्यबुवांना गवंडीकामात रस नसावा. आपल्याला तो असायला हवा. माळीणच्या बाबतीत डोंगरउतारावर शेतीसाठी केलेल्या सपाटीकरणाकडे बोट दाखवण्यात आले आणि त्यावर वादही झाला. नवे माळीण आमडे येथे उभारले गेले, २ एप्रिल २०१७ रोजी त्याचे उद्घाटन झाले, आणि त्याच वर्षीच्या जूनमधल्या पहिल्या मोठ्या पावसात तिथले भराव खचले, रस्त्यांना भेगा पडल्या. ज्या माणसांनी एकदा डोंगराखालून आपली माणसे उकरून काढली होती, त्यांनी त्या रात्री काय विचार केला असेल?

अभियंत्यांच्या अहवालात पावसाचा आकडा एका तक्त्यात, एका ओळीत असतो. त्या ओळीशेजारी आणखी चार गोष्टी मराठीत लिहिल्या जाव्यात, एवढी माझी मागणी आहे. हा आकडा कोणत्या केंद्राचा आणि ते केंद्र या उतारापासून किती दूर. किती वर्षांच्या नोंदींवरून काढला. माती किती पाणी पिते हे किती ठिकाणी खणून पाहिले. आणि याहून मोठा पाऊस आला तर खाली किती घरे आहेत. मग तो कागद ग्रामसभेत मोठ्याने वाचावा. वाडीतली म्हातारी माणसे त्यावर बोलतील. कोणत्या साली ओढ्याचे पाणी गढूळ झाले, कुठल्या आंब्याचे खोड कलू लागले आहे, वरच्या अंगाला भेग कधीपासून आहे, हे त्यांना ठाऊक असते. त्यांतले काही तक्त्यात बसेल, काही बसणार नाही. सही करणारा त्या वेळी तिथे हजर असावा.